अकरा दिवसांचं अळणं

ऑफिसचं नवं ओळखपत्र हातात आलं तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं समजून मी परत द्यायला निघाले होते. नाव माझं होतं, रक्तगट माझा होता, ओढणीही माझीच होती, चेहरा मात्र भलत्याच बाईचा. ओठांच्या कोपऱ्यांतला पांढरा रंग गेला होता, डाव्या पापणीवरचा गेला होता, हनुवटीखालून गळ्यावर उतरणारा मोठा डागही गेला होता, आणि त्या सगळ्या जागा एकसारख्या गव्हाळ रंगाने सारवून टाकल्या होत्या. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअर आपोआप क्लीन करतं." शेजारच्या टेबलावरच्या दोघी म्हणाल्या, किती छान आलाय. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. एकोणिसाव्या वर्षी पहिला डाग करंगळीवर दिसला, आता चौतिसावं चालू आहे. पंधरा वर्षं हाच चेहरा घेऊन मी पुण्यात शिकले, विम्याच्या फायली तपासल्या, साहेबांशी भांडले, एकटीनं घर घेतलं, आणि एका दुपारी कुणीतरी न विचारता मला पुसून टाकलं. मी कार्ड परत केलं. म्हटलं, माझा फोटो लावा. तो म्हणाला, हा तुमचाच आहे. मी म्हटलं, नीट बघा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली. त्याच आठवड्यात वाशिमहून जिनेशचा फोन आला.

जिनेश माझा चुलतभाऊ, मोठीमायचा मुलगा. मोठीमाय म्हणजे अंगुरीबाई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, पण खरं सांगायचं तर माझी आईच, कारण मी दोन वर्षांची असताना आई गेली आणि तेव्हापासून मोठीमायनं मला कडेवरून खाली म्हणून ठेवलं नाही. "ताई, आई मंदिराच्या पायरीवर पडली," जिनेश म्हणाला. "दुसऱ्यांदा. अकोल्याले नेलं तं डॉक्टर म्हने, अंगात मीठच नाही राह्यलं." मी म्हटलं, मग खायला सांग. "नऊ वर्षांपासून सांगून राह्यलो. सलाईन लावलं तं आई म्हने, हे काही तोंडानं नाही खाल्लं, नेम मोडला नाही. तिसऱ्यांदा पडली तं उठणार नाही असं डॉक्टरनं साफ सांगतलं. तो नेम कसा सुटते हे तुलेच मालूम आहे." मला मालूम होतं. नऊ वर्षं मालूम होतं आणि नऊ वर्षं मी ते अंगावरचं पांघरूण झटकावं तसं झटकत आले होते.

मेडशीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी ऊनझिरा नावाचं गाव आहे. तिथं जमिनीतून गंधकाचं गरम पाणी येतं आणि दगडी कुंडात साठतं. खरूज, नायटा, कोड, आखडलेले गुडघे, सगळे तिथं येतात. देव नाही, पुजारी नाही, फक्त पाणी आणि त्याचं पथ्य. अकरा दिवस सकाळी कुंडावर आंघोळ, आणि अकरा दिवस अळणी जेवण, मिठाचा कणसुद्धा नाही. अकराव्या दिवशी पायरीवर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, 'गुण आला.' मग कुंड राखणारी बाई तळहातावर चिमूटभर मीठ ठेवते, ते खायचं आणि घरी जायचं. आलेला असो वा नसो, म्हणायचं 'आला' असंच. 'नाही' म्हटलं तर मागच्यांसाठी पाण्याचा गुण उतरतो म्हणतात. आणि अळणं अर्ध्यात सोडायचं नाही. सोडलंच कुणी, तर घरातल्या दुसऱ्यानं ते पुढे चालवायचं, सोडणारा परत येईपर्यंत. पंचविसाव्या वर्षी मोठीमायनं मला तिथं नेलं आणि चौथ्या दिवशी मी निघून आले. मेडशीच्या एस.टी. स्टँडवर बसून खारे शेंगदाणे खाल्ले, मुद्दाम, एकेक करून, बोटांना लागलेलं मीठही चाटलं. त्या वेळी फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं. मागं राहिलेलं अळणं मोठीमायनं उचललं. गावातल्या लोकांनी फार तर महिनाभर चालवलं असतं आणि मग विसरले असते. पण ती जैन बाई. तिनं ते वाशिमला नेलं आणि मंदिरात मूर्तीसमोर उभं राहून त्याचा नेम केला, की चेतनाचं दुखणं जाईपर्यंत मीठ सोडलं. आमच्यात नेम एकदा बोलला की बोलला. मला सहा महिन्यांनी कळलं. फोनवर मी खूप आरडाओरडा केला. ती एवढंच म्हणाली, "तुह्यं तू पाह्य, माह्यं मी पाहीन."

म्हणजे दोन शब्दांचा प्रश्न होता. वाशिमहून जिनेशच्या गाडीत बसले तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की अकरा दिवस गप्प राहायचं, दोन शब्द म्हणायचे आणि म्हातारीला मीठ खाऊ घालून परत यायचं. विम्याच्या नोकरीत मी याहून मोठं खोटं गोड आवाजात रोज बोलते. मोठीमाय मागच्या सीटवर होती. ती इतकी वाळली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन परत येत होत्या, आणि मे महिन्याच्या त्या उकाड्यातही अंगात तोच जाड, बंद गळ्याचा, मनगटापर्यंत बाह्या असलेला ब्लाऊज होता. लहानपणी आम्ही पोरं त्या ब्लाऊजवरून तिची टर उडवायचो. शिरपूरच्या जैन मंदिराचा फाटा गेला तेव्हा तिनं हात जोडले, मग माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "पयल्यापेक्षा कमी वाटून राह्यलं," म्हणाली. पहिल्यापेक्षा दुप्पट झालं होतं. जिनेशनं आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि मी काही बोलले नाही. खोटं बोलण्याची सुरुवात अशी गप्प बसण्यानंच होते, आणि ती मला अजिबात आवडली नाही.

ऊनझिऱ्याचं पाणी नऊ वर्षांत बदललं नव्हतं. जळालेल्या काडेपेटीचा वास, वर तरंगणारी वाफ, पायरीवर पिवळट साय, आणि पहिल्या तांब्याबरोबर पाठीतून सर्रकन उतरणारी ती ऊब, जिच्यापुढं शरीर बेइमान होतं, म्हणजे मन चिडलेलं असतानाही खांदे आपोआप सैल पडतात. बायकांच्या बाजूला आता टिनाचा आडोसा होता. कुंड राखायला रामीबाई होती, साठीची, मोठ्या आवाजाची, कमरेला मिठाची पिशवी खोचलेली. बाकीच्या बायका कुंडात उतरायच्या. मोठीमाय मला उतरू देत नव्हती, कारण पाण्यात जीव असतात आणि आपल्या अंगानं ते मरतात. ती कळशीनं पाणी काढायची, दुहेरी कापडातून गाळायची, ते माझ्या अंगावर ओतायची आणि कापड उलटं करून, धुऊन, त्यात अडकलेलं जसंच्या तसं कुंडात हळूच सोडायची. रामीबाईला त्याची मोठी गंमत वाटे. "आजी, एवढ्या गरम पान्यात कोनता जीव राहीन?" मोठीमाय म्हणायची, "आपल्याले काय मालूम? त्याले इथंच बरं वाटत असन." मी ओल्या अंगानं उभी राहून ऐकायची. जे डोळ्यांना दिसतही नाहीत त्या जिवांची इतकी काळजी घेणारी ही बाई, स्वतःच्या जिवाला नऊ वर्षं अळणी भाकरीवर घासत होती, आणि याचा राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पाण्यावर काढून उपयोग नव्हता. खोलीत ती मुगाचं वरण आणि ज्वारीची भाकर करायची, दिवस मावळायच्या आत आम्ही जेवून घ्यायचो. अळणी वरणाला तिसऱ्या दिवसापासून ओल्या मातीची चव येते. चौथ्या दिवशी माझे पाय आपोआप स्टँडकडे वळतील की काय अशी मला भीती वाटली, पण तो दिवस तसाच गेला.

माझ्या पाचव्या दिवशी उज्ज्वलाचा अकरावा दिवस होता. उज्ज्वला रिठदची, बावीस-तेवीस वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेली. पोटरीवर तळहाताएवढा पांढरा डाग होता, आणि सासूनं सांगितलं होतं, गुण घेऊनच घरी ये. अकरा दिवस ती त्या डागाला चोळत होती, आणि डाग होता तिथंच होता. पायरीवर उभी राहून तिनं खणखणीत आवाजात म्हटलं, "गुण आला." बायकांनी एका सुरात म्हटलं, "सगळ्याइले येवो." रामीबाईनं मीठ दिलं, तिनं खाल्लं. मी तिच्या पायाकडे बघत होते हे तिनं पाहिलं. कपडे बदलताना माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "म्हनलं की झालं, ताई. पायात मोजे घालून जाईन." मी विचारलं, "आणि मग?" ती म्हणाली, "मंग काय. सगळ्यायचा जाते, माह्याच अंगात काही खोट असन." मला तिला धरून हलवावंसं वाटलं. नऊ वर्षांपूर्वी मीही इथं पायरीवरचं 'आला' ऐकून नेमका हाच विचार केला होता, की सगळ्यांचं शरीर ऐकतं, माझंच तेवढं हट्टी. म्हणजे या कुंडावर आजवर जेवढ्या बाया 'आला' म्हणून गेल्या, त्यांतल्या प्रत्येकीनं आधीचीचं ऐकून स्वतःला दोष दिला होता आणि मोजे घातले होते. उज्ज्वला गेली. तिच्या एस.टी.ची धूळ बराच वेळ रस्त्यावर होती. मी दुपारी जिनेशला फोन लावला आणि म्हटलं, मला हे जमेल असं वाटत नाही. तो म्हणाला, "ताई, ती लय थकली आहे. तू म्हन, ती ऐकून घेईन. मीठ पोटात जाऊ दे, बाकी मंग भांडत बस." त्याचं काही चुकत नव्हतं. आईचा जीव वाचवायचा असताना तत्त्व काढून बसणाऱ्या बहिणीला मीही दोन शब्द सुनावले असते.

सातव्या दिवशी दुपारी मी खोलीत न सांगता शिरले. मोठीमाय पाठमोरी उभी होती, ब्लाऊज बदलत. तिची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. कमरेपासून खांद्यापर्यंत पांढरी, मध्ये मध्ये तिचा मूळचा सावळा रंग बेटांसारखा उरलेला. मला वाटलं ती घाईनं झाकून घेईल. तिनं झाकलं नाही, कदाचित अंगात तेवढी घाई उरली नव्हती. हातातला जाड ब्लाऊज घेऊन तशीच खाटेवर बसली. मी विचारलं, कधीपासून. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. शेचाळीस वर्षं झाली." मोठ्या बाबांना माहीत होतं का, मी विचारलं. हुकूमचंद म्हणजे माझे मोठे बाबा, वाशिमच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले, दहा वर्षांपूर्वी गेले, शब्दानंही कुणाला न दुखवणारे गृहस्थ. "एकडाव पाह्यलं त्याईनं," मोठीमाय म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुकानातून हे जाड कापड आनलं. मंग दरसाल आनत. बोलले कधीच नाही." शेचाळीस उन्हाळे ती त्या कापडात होती. आणि आम्ही पोरं हसत होतो.

मी तिच्याशेजारी बसले. तिनं माझी बोटं हातात घेतली, पांढरी टोकं एकेक करून दाबून पाहिली, जसं लहानपणी नखं कापताना धरायची. "तू दोन वर्षांची होतीस. माह्या पाठीवर झोपल्याबिगर तुले झोप येत नव्हती. माह्याच ताटात जेवत होतीस. माह्यंच तुले लागलं." मी म्हटलं, मोठीमाय, हे असं लागत नाही, कुठल्याही डॉक्टरला विचार. "डॉक्टरले काय मालूम, तू कोनाच्या पाठीवर झोपत होती." मग जरा थांबून म्हणाली, "म्हनून सोडलं मीठ. तू पथ्य सोडून गेली म्हनून नाही. आपल्या हातानं लेकराले दुखणं देल्लं, तं आपन काहून चवीनं खावं?" मला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम, कुणाला आधी वाट द्यावी ते सुचेना. नऊ वर्षं मी समजत होते की ती माझ्या अंगाशी भांडते आहे. ती स्वतःला शिक्षा देत होती, आणि शिक्षेचं कारण मी होते, म्हणजे माझा हा चेहरा, जो मी इतक्या कष्टानं माझा म्हणून मिळवला होता. त्या पाठीवर झोपल्याचं मला आठवत होतं. रंग आठवत नव्हता, घामाचा आणि चंदनाच्या साबणाचा वास आठवत होता, आणि ती पोळ्या लाटताना पाठ कशी हलायची ते. मला कधी कुठं इतकी गाढ झोप लागली असेल तर ती तिथं. मी हे तिला सांगितलं. तिनं ब्लाऊज अंगात घातला आणि एकेक हूक लावत म्हणाली, "लहान होतीस. तुले काय समजे."

पुढचे दिवस मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडत राहिले. म्हणावं तर दोन शब्द, आणि ती उद्यापासून मीठ खाईल, भरेल, देवळाच्या पायऱ्या धडपणे चढेल. पण 'गुण आला' म्हणजे काय, तर दुखणं होतं, ते तू दिलंस, आणि आता माफ झालं. ती शिक्षेतून सुटेल आणि जाड ब्लाऊजात परत जाईल, मरेपर्यंत. मी पुण्याला जाऊन माझ्या फोटोसाठी भांडणार आणि इथं माझ्याच तोंडानं सगळ्यांसमोर स्वतःला पुसून टाकणार. दहाव्या दिवशी तिनं माझ्या गळ्यावरच्या डागावरून बोट फिरवलं. गरम पाण्यानं कातडी लालसर झाली होती. "पाह्य, रंग भरून राह्यला," ती म्हणाली. मी म्हटलं, ते पाण्यानं भाजलंय. तिनं ऐकलं नाही. "उद्या म्हनशीन ना वं?" इतक्या आशेनं विचारलं की मी हो म्हणाले. तिला चक्कर येत होती, भिंतीला धरून ती अंथरुणापर्यंत गेली. त्या क्षणी मी खरंच म्हणणार होते.

अकराव्या दिवशी सकाळी कुंडावर दहा-बारा बायका होत्या. मोठीमायनं शेवटची कळशी माझ्यावर ओतली, कापड कुंडात सोडून धुतलं, आणि दगडावर बसली. रामीबाई वाटीत मीठ घेऊन आली. मी पायरीवर चढले. खाली पाण्यात उभ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्यात एक अगदी नवी मुलगी होती, दंडावर डाग असलेली, काल संध्याकाळी आलेली, आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मी जे बोलेन ते ती घरी घेऊन जाईल. मी 'गुण' म्हटलं आणि पुढचा शब्द आलाच नाही. मग दुसरंच बोलले, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "गुण आला नाही. मला दुखणंच नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीही नव्हतं, आजही नाही. हा माझा रंग आहे. मला तो कुणी दिला नाही, कुणाची चूक नाही, आणि मला तो घालवायचा नाही."

'सगळ्याइले येवो' म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. मागून एक बाई पुटपुटली, "पान्याचा गुण उतरवला इनं." रामीबाईनं वाटीवर हात ठेवला. "मंग मीठ नाही देता येत, बाई. रीत आहे." मी मोठीमायकडे बघितलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. मी माझं खरं बोलून मोकळी झाले होते आणि त्याची किंमत ती भरणार होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, एकेक पायरी चढत माझ्यापर्यंत आली, मी आधाराला हात पुढं केला तर तो बाजूला सारला आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले. ती पायरीच्या मधोमध उभी राहिली आणि ब्लाऊजचे हूक काढायला लागली. शेवटचा हूक बराच वेळ निघेना, कुणी मदतीला पुढं झालं नाही आणि मलाही धीर झाला नाही. ब्लाऊज काढून तिनं घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि सगळ्या बायकांकडे पाठ केली. कुणीतरी श्वास आत ओढला. सकाळचं ऊन आडोशावरून थेट तिच्या पाठीवर येत होतं. "शेचाळीस वर्षं झाली," ती टिनाकडे बघत म्हणाली. "गुण नाही आला. पोरीले माह्यापासून लागलं असं समजत होती मी. नेम केला होता, तिचं दुखणं जाईपर्यंत मीठ नाही खात. आता पोरगी चार बायायसमोर म्हन्ते, दुखणं नव्हतंच. अन् हे पोरगी खोटं बोलत नाही, लहानपनापासून नाही बोलत, त्याच्यापायीच तं मार खाल्ला इनं. मंग माह्यं अळणं कायचं?" ती वळली आणि रामीबाईपुढं तळहात धरला.

रामीबाई गडबडली. "आजी, तुमी फक्त 'आला' म्हना. बस. देतो मी."

"खोटं बोलून नाही खात मी मीठ. नऊ वर्षं उगाच राह्यली का?"

रामीबाईनं मागं बायकांकडे बघितलं. दंडावर डाग असलेली ती नवी मुलगी पाण्यातून दोन पायऱ्या वर आली होती आणि मोठीमायच्या पाठीकडे एकटक बघत होती. रामीबाईनं वाटीवरचा हात काढला आणि चिमूटभर मीठ त्या सुरकुतलेल्या तळहातावर ठेवलं. मोठीमायनं ते सगळं एकदम जिभेवर घेतलं. तिचे डोळे गच्च मिटले, गाल आत ओढले गेले, सगळा चेहरा आवळला आणि मग हळूहळू सुटला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तिनं पुसलं नाही.

"लय खारट आहे," ती म्हणाली, आणि हात पुन्हा पुढं केला.